चोविसाव्या दिवशी आलेलं पत्र

विजयाबाईंना मी फार कमी ओळखत होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणाची निराशा व्हायला नको. पाच वर्षं आम्ही एकाच दवाखान्यात काम केलं, पण त्यांचं माहेर शिवपुरीकडचं होतं हे मला त्या गेल्यावर त्यांच्या चिरंजीवांच्या पत्रातून कळलं. त्यांना काय आवडे, कशाचा राग येई, एकट्या असताना त्या काय विचार करत, यातलं मला काहीच सांगता येणार नाही. त्यांचा चेहरासुद्धा मी कधी नीट पाहिला असं म्हणवत नाही. त्या काळी परक्या बाईकडे बघून बोलायची रीत नव्हती, आणि माझ्या स्वभावात तर ते नव्हतंच. आवाज आठवतो. हात आठवतात.

त्यांचे चिरंजीव मानसिंगराव उज्जैनला असतात. आईच्या वर्षश्राद्धाला एक लहानशी पुस्तिका काढायची म्हणून त्यांनी मला लिहिलं, "दवाखान्यातले तुम्हीच एक उरलात, मुन्शीकाका. चार ओळी लिहा." तीन महिने मी टाळलं. मला लिहिता येत नाही. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं, फार तर उतरवून काढलं. पण एक गोष्ट अशी आहे की ती माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. ती गाळून विजयाबाईंबद्दल लिहायचं म्हणजे पुन्हा तेच करायचं जे मी तेव्हा केलं. मानसिंगराव, हे छापावंसं वाटलं नाही तर छापू नका. वाचा मात्र.

किल्ल्याच्या उत्तरेला, हजिऱ्याच्या गिरणी-वस्तीच्या अलीकडे, बायकांचा एक दवाखाना होता. आता तिथं काहीच नाही. विलायतेहून आलेल्या बाया तो चालवत. तिथल्या डॉक्टरीणबाईंना सगळे मोठ्या मिससाहेब म्हणायचे. पन्नाशीच्या, उंच, चालताना डोकं पुढं काढून चालणाऱ्या. दुखण्याखुपण्यापुरती हिंदुस्थानी बोलायच्या, पण वाचायच्या-लिहायच्या फक्त इंग्रजी. म्हणून मी. नाव रमाकांत असलं तरी तिथं मला सगळे मुन्शीजीच म्हणत. पेशंट बायांची नावं लिहायची, चिठ्ठ्या वाचायच्या, इंग्रजीचं मराठी किंवा हिंदी करून सांगायचं, एवढंच माझं काम.

विजयाबाई तिथं नोकरी करायला आल्याच नव्हत्या. त्यांच्या सासूबाई शांताताई पोटात गाठ झाली म्हणून दाखल झाल्या, आणि उशाशी बसायला सून आली. दोन महिने बसली. बसल्या बसल्या आधी फडकी उकळून द्यायला लागली, मग पट्टी बांधायला, मग शेजारच्या खाटेवरच्या रडणाऱ्या पोरीला समजवायला. शांताताई बऱ्या होऊन निघाल्या त्या दिवशी सासरे जगदेवराव पागोटं बांधून आले. संस्थानच्या घोडदळातून निवृत्त झालेले, मोठ्या मिशांचे गृहस्थ. मिससाहेबांना म्हणाले, "तुमच्या हातून माझं घर उभं राहिलं. काय मागाल ते देतो."

मिससाहेबांनी सून मागितली. सकाळचे चार तास.

हे मीच भाषांतर करून सांगितलं, आणि सांगताना माझे कान तापले होते. मराठ्यांच्या घरातली सून, नवरा फौजेत, आणि ती हजिऱ्याच्या दवाखान्यात चार लोकांत? जगदेवराव बराच वेळ मिशीवर बोट फिरवत उभे राहिले. पण शब्द गेला होता.

शांताताई घरी कुणी आलं की म्हणायच्या, "माझ्या पोटातून गाठ काढली आणि घरातून सून काढली. मिससाहेबांचा हात फार सफाईचा." हे त्या हसत हसत म्हणायच्या, पण दर वेळी म्हणायच्या.

विजयाबाईंचं खरं काम काय होतं ते आता सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्या नर्स नव्हत्या. विलायतेहून दर दोन-तीन वर्षांनी नव्या बाया यायच्या, तिशीच्या आतल्या, उत्साही. त्यांना औषधपाणी सगळं यायचं. इथल्या बाईच्या अंगाला हात कसा लावायचा ते यायचं नाही. एकदा अशीच एक नवी मिस ताप बघायला म्हणून बूट घालून एका घराच्या थेट चुलीपर्यंत गेली. त्या घरानं त्या दिवशीचं अन्न फेकलं, आणि त्या गल्लीतली एकही बाई चार महिने दवाखान्याकडे फिरकली नाही. त्यात एक बाळंतीण गेली. ती मिस दीड महिन्यात परतीच्या बोटीनं निघून गेली.

त्यानंतर मिससाहेबांनी नेम घातला. नवी बाई आली की पंधरा दिवस कुणाला हात लावणार नाही. हात पाठीमागे बांधून विजयाबाईंच्या मागे फिरेल आणि बघेल. विजयाबाई हे शब्दशः घ्यायच्या. नव्या मिसचे हात खरोखरच गॉजच्या पट्टीनं मागे हलकेच बांधायच्या आणि म्हणायच्या, "अब आँख से सीखो, बेटी." त्या बाया त्यांच्यापेक्षा वयानं मोठ्या असायच्या, तरी बेटीच. सगळा वॉर्ड हसायचा. मग ती विलायती बाई हात मागे ठेवून उभी, आणि पेशंट बाई पदराआडून तिच्याकडे बघून हसतेय, असं झालं की निम्मं काम झालेलं असायचं. उंबऱ्यावर थांबायचं, नाव नवऱ्याचं नाही, पोराचं विचारायचं, बाळ गुटगुटीत दिसलं तरी तसं म्हणायचं नाही, हे सगळं त्या पंधरा दिवसांत. त्यांच्या हाताखालून गेलेली एकही बाई बोटीनं परत गेली नाही.

लग्नाला सात वर्षं झाली तरी त्यांना मूल नव्हतं. नवरे दौलतसिंह बहुतेक छावणीत असायचे. चौतीस साली दिवस गेले तेव्हा शांताताईंनी दवाखान्यात जाणं तिथल्या तिथं बंद करायला लावलं असतं. जगदेवराव मध्ये पडले. शेवटी अंगणात सगळ्यांसमोर ठरलं, आणि मी मिससाहेबांची चिठ्ठी घेऊन गेलेलो असल्यामुळे मीही तिथं होतो.

शांताताई म्हणाल्या, "सव्वा महिना खोलीतून बाहेर पाऊल नाही. त्यानंतर जा. पण एक सांगून ठेवते. सात वर्षांनी देवानं तोंड उघडलंय. माझ्या नातवाला तुझ्या दवाखान्यापायी एकदा जरी काही झालं, तर परत ती पायरी चढायची नाही. कबूल?"

"कबूल," विजयाबाई म्हणाल्या.

"यांच्यासमोर कबूल?"

"मामंजींच्या समोर, मुन्शीजींच्या समोर, तुळशीच्या समोर. आणखी कुणाला बोलावू?"

जगदेवराव खोकल्याच्या निमित्तानं हसले.

थंडीत मुलगा झाला. बारसं झालं, मानसिंग नाव ठेवलं. नव्या दोन मिसा माघ संपता संपता यायच्या होत्या, म्हणजे विजयाबाईंचा सव्वा महिना आरामात झाला असता. पण बोटीचं काहीतरी बदललं आणि मुंबईहून तार आली की त्या गुरुवारीच पोचताहेत. तार आली तो विजयाबाईंचा चोविसावा दिवस.

मिससाहेबांनी तिथल्या तिथं पत्र लिहिलं. त्यांचा दौराही आधीच ठरलेला होता, भिंडकडच्या गावांत तीन आठवडे. त्या म्हणाल्या, "मुन्शी, लगेच जा आणि तिला वाचून दाखव." एरवी मी विजयाबाईंसाठी पत्राचं मराठी कागदावर उतरवून नेत असे. त्यांना बाळबोध चांगलं वाचता यायचं. त्या दिवशी घाई होती. तो कागद मी तेव्हा लिहिला असता तर आज हा लिहावा लागला नसता.

पत्र मला अजून पाठ आहे. लिहिलं होतं की, नव्या मुली गुरुवारी येताहेत. तुझा महिना पुरा झालेला नाही हे मला ठाऊक आहे. येता आलं नाही तर मन खट्टू करू नकोस, तू येईपर्यंत त्यांचे हात बांधलेलेच राहतील. पण आलीस तर बाळाला घेऊनच ये. औषधांच्या खोलीशेजारची लहान खोली मी झाडून घेतली आहे, पाळणा टांगला आहे, शेगडी ठेवली आहे. सासूबाईंसाठी खाट आहे, त्यांनाही आण. दर दोन तासांनी हातातलं काम टाकून बाळाला अंगावर पाज. कोण पेशंट आहे ते बघू नकोस. बाळ लांब राहिलं तर दूध आटतं, हे तुला मी सांगायला नको.

मी गेलो तेव्हा अंगणात जगदेवराव खाटेवर बसलेले, शेजारी त्यांचे मेहुणे माधवराव, तेही फौजेतले. बाळंतिणीच्या खोलीला पडदा. आतून ओव्याच्या धुरीचा वास. उंबऱ्यावर शांताताई, कारण आत पुरुषाचा आवाज जाणार तो त्यांच्यामार्फत. मला खाटेसमोर घडवंचीवर बसवलं. पडद्याआड बांगड्या वाजल्या, म्हणजे विजयाबाई उठून जवळ आल्या होत्या.

"वाचा, मुन्शीजी," जगदेवराव म्हणाले. "काय म्हणतात आमच्या मिससाहेब?"

मी पहिल्या दोन ओळी वाचल्या. नव्या मिसा गुरुवारी येताहेत, शक्य असेल तर यावं. मग माझी नजर पुढच्या ओळींवर गेली. अंगावर पाजणं, दूध आटणं. समोर दोन मिशाळ म्हातारे, उंबऱ्यावर सासू, आणि मी सत्तावीस वर्षांचा, ज्यानं स्वतःच्या घरीही हे शब्द कधी तोंडातून काढले नव्हते. त्या गोष्टी त्या बाईंच्या सासऱ्यासमोर मोठ्यानं कशा म्हणायच्या? पाळण्याचं तेवढं सांगता आलं असतं, असं आता वाटतं. खोली झाडली आहे, बाळाला आणा, एवढंच. पण ते सगळं एकाच दोऱ्यात ओवलेलं होतं. एक ओढलं तर सगळं बाहेर येईल असं मला वाटलं. मी कागदाची घडी घातली.

"बाकी... काळजी घ्यावी, असं लिहिलं आहे."

पडद्याआडून आवाज आला, "एवढंच?"

"एवढंच."

"बाळाबद्दल काही नाही?"

"आशीर्वाद आहे," मी म्हणालो. तोही पत्रात नव्हता.

शांताताई म्हणाल्या, "आशीर्वादानं पोट भरतं होय पोराचं? पत्र बघा कसं आहे. सरकारी समन्स बरं."

माधवराव म्हणाले, "अहो वहिनी, त्यांना कुठं पोरंबाळं? त्यांना काय कळणार यातलं?"

त्यावर मी बोलायला हवं होतं. त्या बाईंना सगळं कळत होतं, ते माझ्या हातातल्या कागदावर होतं. मी चहाची कपबशी उचलली.

मग विजयाबाई आतून म्हणाल्या, "आई, मी जाते. चार तासांचंच आहे. त्या पोरी परदेशातून येणार, कोणी दारात नाही, ते बरं नाही दिसत. मागे एकदा बाळंतीण गेली ना."

"आणि हा?"

"तुम्ही आहात की. गाईचं दूध पातळ करून चमच्यानं द्या. मी जाताना पाजून जाते, आल्यावर परत पाजते."

"बाहेर काढायचा नाही त्याला सव्वा महिना. एवढं तरी पाळ."

"नाही काढत. त्याला कोणी बोलावलंय?"

गुरुवारी सकाळी त्या पडद्याच्या टांग्यातून आल्या. कान घट्ट बांधलेले, अंगावर शाल, पायात लोकरी मोजे, पावलं जपून टाकत. नव्या मिसा पायरीवर उभ्याच होत्या. एक मिस एल्सी, चेहऱ्यावर वांगाचे ठिपके असलेली. दुसरी मिस रूथ, चष्मेवाली. विजयाबाईंनी दोघींच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. एल्सीनं तो तुकडा खायचा असतो समजून हात पुढं केला.

"अरे, ये तुम्हारा नहीं, नज़र का है!" विजयाबाई म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. मग गॉजची पट्टी निघाली. "चलो बेटी, हाथ पीछे."

मिससाहेबांनी टांग्यात डोकावून पाहिलं होतं, ते मी पाहिलं. टांगा रिकामा होता. त्या विजयाबाईंना काही म्हणाल्या नाहीत. त्यांचा एक कायदा होता की इथल्या घरच्या रीतीभातींच्या आड आपण कधी यायचं नाही, एकदा विचारायचं आणि गप्प बसायचं. त्यांनी पत्रात विचारलं होतं. उत्तर त्यांना टांग्यात मिळालं. मला मात्र बाजूला घेऊन विचारलं, "तू तिला सगळं वाचून दाखवलंस ना?"

"हो," मी म्हणालो.

शनिवारी त्या भिंडकडे निघून गेल्या.

पुढचे दिवस मी दुरून पाहिले. दिवस थंडीचे होते, गिरणीतल्या मजुरांच्या बायका-पोरांना खोकल्याची साथ होती, व्हरांडा भरलेला. चार तासांचे सहा तास व्हायला लागले. दोघी नव्या मुली विजयाबाईंच्या मागे बदकांच्या पिलांसारख्या. एल्सीला सारखं रडू यायचं. एकदा एका आजारी बाईच्या सासूनं तिला उंबऱ्यावरून हाकललं, तेव्हा ती विहिरीजवळ जाऊन बसली. विजयाबाई तिच्याशेजारी जाऊन बसल्या. एल्सीनं तुटक्या हिंदुस्थानीत विचारलं, "आप को घर जाना नहीं?" विजयाबाई म्हणाल्या, "जाना है. तुम रोना बंद करो तो जाऊँ." मग दोघीही हसल्या, पण विजयाबाई उठताना छातीशी शाल गच्च धरून उठल्या आणि भिंतीला हात लावून क्षणभर थांबल्या. मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. मी खाली वहीकडे पाहिलं.

एकदा औषधाची बाटली शोधताना त्यांनी त्या लहान खोलीचं दार उघडलं. मी मागेच होतो. पाळणा, नवी दोरी, त्यावर मिससाहेबांच्या हातची विणलेली पिवळी लोकरी चादर, कोपऱ्यात शेगडी, खाट. त्या थोडा वेळ बघत राहिल्या.

"छान केलंय," त्या म्हणाल्या. "कुणी मोठ्या घरची यायची असेल बाळंतपणाला."

मी दारातूनच मागे सरलो. त्यांनी चादरीवरून एकदा हात फिरवला आणि दार लावून घेतलं.

दहाव्या-अकराव्या दिवशी त्या उशिरा आल्या. डोळे सुजलेले. व्हरांडा झाडणाऱ्या बाईला त्या सांगत होत्या ते कानावर आलं. पोर आता अंगावर घेतलं तरी रडतं, त्याला पुरत नाही. आई शतावरी देताहेत, खीर देताहेत, काही होत नाही. आणि गाईचं दूध त्याला बाधतंय. ती बाई म्हणाली, "अरे तो घर बैठो ना बाई." त्या म्हणाल्या, "और चार दिन. पंद्रह पूरे होने दो. बीच में छोड़ूँ तो ये दोनों भी नाव पकड़ेंगी."

चौदाव्या दिवशी, साधारण दहा वाजता, दारात टांगा थांबला. शांताताई उतरल्या. सव्वा महिना त्या दिवशी सरला होता की नाही याचा हिशोब मी नंतर कितीदा तरी केला. हातात दुपट्यात गुंडाळलेलं मूल. त्या कुणाशी बोलल्या नाहीत, कुणाकडे बघितलं नाही. भरलेल्या व्हरांड्यातून सरळ आत गेल्या आणि जिथं विजयाबाई एका पोरीच्या कानाला पट्टी लावत होत्या त्या टेबलावर त्यांच्यासमोर मूल ठेवलं.

"घे," त्या म्हणाल्या. "काल रात्रीपासून डोळे उघडत नाही. तुझ्या पोरींना दाखव. त्या शिकल्यात ना आता?"

मूल पिवळं पडलं होतं. टाळू खोल गेलेली मला दारातून दिसली. विजयाबाईंच्या हातातली पट्टी तशीच राहिली. त्या चौदा दिवसांत मी त्यांचे हात कामातून कधी थांबलेले पाहिले नव्हते.

मिस एल्सी मागे उभी होती. तिनं हात झटकून गॉज तोडलं, पुढं झाली, आणि मग एकदम उंबऱ्यावर थांबावं तशी थांबली. शांताताईंकडे बघून हात जोडले. "माँजी, मैं देखूँ?"

शांताताईंनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता त्या तिला हाकलतील. त्या म्हणाल्या, "देख."

पाच दिवस मूल दवाखान्यात होतं, त्याच लहान खोलीत, त्याच पाळण्यात. एल्सी आणि रूथ आळीपाळीनं थेंबाथेंबानं उकळलेलं साखर-मिठाचं पाणी देत होत्या, नंतर शेळीचं दूध. मूल वाचलं. मानसिंगराव, तुम्ही वाचलात. शांताताईंनी त्या खाटेवर बसून पाच दिवस जप केला आणि एल्सीला घरच्या डिंकाचा लाडू दिला. विजयाबाई पाळण्याची दोरी धरून बसलेल्या असायच्या. दूध त्यांना पुन्हा आलं नाही.

जायच्या दिवशी जगदेवराव आले. पागोटं बांधलेलं. ते व्हरांड्यात उभे राहिले आणि काही बोलायच्या आत विजयाबाईच म्हणाल्या, "मामंजी, मी तुळशीसमोर कबूल केलंय. तुम्हाला काही बोलायला लागू नये."

शांताताई त्या वेळी तोंड वळवून उभ्या होत्या. त्यांनी काही टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं. त्या पदरानं डोळे पुसत होत्या.

मिससाहेब परत आल्या तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. त्या जगदेवरावांच्या घरी गेल्या, मी बरोबर. बाहेरच्या खोलीत बसवलं, चांदीच्या पेल्यात दूध दिलं, फार मान दिला. विजयाबाई बाहेर आल्या, नमस्कार केला, मूल दाखवलं. मिससाहेबांनी त्याच्या पायाला हात लावला आणि विजयाबाईंनी शिकवल्याप्रमाणे त्याचं कौतुक केलं नाही. दोघी एकमेकींकडे बघत होत्या, मधे मी. दोघींपैकी एक जरी काही म्हणाली असती तर ते माझ्या तोंडून जायचं होतं. कुणी म्हणालं नाही. मिससाहेबांना वाटत होतं की आपण खोली दिली आणि हिनं ती नाकारली. विजयाबाईंना वाटत होतं की मिससाहेबांनी बोलावलं, पण पोराचं काय हे विचारलंसुद्धा नाही. दोघी भल्या बाया होत्या. मनातलं तोंडावर आणणाऱ्या नव्हत्या.

टांग्यात मिससाहेब म्हणाल्या, "मी तिला लिहिलं होतं, त्याला घेऊन ये म्हणून. कदाचित फार मागितलं मी." मी घोड्याच्या कानांकडे बघत बसलो.

विजयाबाई त्यानंतर दवाखान्यात कामाला आल्या नाहीत. मागून त्यांना दोन मुली झाल्या. गल्लीतल्या बाया काही दुखलं-खुपलं तर त्यांच्या ओट्यावर येत, आणि त्या पट्टी बांधून देत, असं ऐकलं. एल्सी मात्र राहिली. एकवीस वर्षं राहिली, केस पिकल्यावर मायदेशी परतली. नवी कुणी आली की एल्सी तिला पहिल्याच आठवड्यात विजयाबाईंच्या घरी घेऊन जायची. मी कधी कधी टांगा ठरवून देत असे. विजयाबाई दारात यायच्या, पायांवर पाणी घालायच्या, भाकरतुकडा ओवाळायच्या, चहा द्यायच्या. अर्ध्या तासात सगळं संपायचं. पट्टी बांधायला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. एल्सी म्हणायची, "बाई, एक बार." त्या म्हणायच्या, "अब तुम बाँधो. मेरा घर है, दवाखाना नहीं."

मोठ्या मिससाहेब बेचाळीस साली विषमज्वरानं गेल्या. त्यांचे कागद लावायचं काम माझ्याकडे आलं. ते पत्र माझ्याकडेच होतं, मी कधी परत दिलं नव्हतं. ते मी घेऊन विजयाबाईंकडे जायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, पाच वर्षं ठरवत राहिलो. कधी घरी पाहुणे, कधी जगदेवरावांचं आजारपण, कधी माझंच धाडस होईना. मिससाहेब असताना सांगायचं ते राहिलं, आता सांगून कुणाचं भलं होणार, असंही मनाशी म्हणायचो. माणसाला कारणं पुष्कळ सापडतात.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात दौलतसिंहांनी उज्जैनला जायचं ठरवल्याचं कळलं. मग एके दिवशी महाराज बाड्याच्या चौकात, पोस्टासमोर, विजयाबाई अचानक भेटल्या. हातात भाजीची पिशवी, बरोबर धाकटी मुलगी. ऊन रणरणत होतं. पत्र त्या दिवशी खरोखरच माझ्या खिशात होतं. महिनाभर ते खिशातच ठेवत होतो. मी नमस्कार केला. त्यांनीही केला. केस पांढरे व्हायला लागले होते, एवढं मी त्या वेळी पाहिलं.

"शनिवारी निघतो आम्ही," त्या म्हणाल्या.

"कळलं," मी म्हणालो. "मानसिंग बरा आहे ना?"

"उंच झालाय. तुमच्या खांद्याला येईल." मग मुलीच्या डोक्यावर पदर ओढत म्हणाल्या, "घरी सगळे ठीक?"

"ठीक आहेत."

खिशात माझा हात होता. मुलगी त्यांचा पदर ओढत होती. एक टांगेवाला ओरडत गेला, आम्ही बाजूला झालो, आणि तेवढ्यात तो क्षण गेला. पुन्हा आला असता, मी आणायला हवा होता.

"किती वाजले हो, मुन्शीजी?"

मी पोस्टाच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "अकरा वाजून गेले."

"बाप रे. भात टाकायचाय अजून. येते मग."

"या," मी म्हणालो.